नाताळाआधी भिंत रंगवावी का?

प्रश्न : आमचे घर डिचोलीत आहे. आजेसासऱ्यांनी बांधलेले, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींचे आणि मंगलोरी कौलांचे. तीन वर्षांपूर्वी आम्ही अंगणात घराला लागून पेव्हर बसवले आणि त्याच वेळी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात दिवाणखान्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीचा खालचा भाग ओला होतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि पांढरी भुकटी पडत राहते. पंचवीस डिसेंबरला पुण्याहून नणंदेचे कुटुंब राहायला येणार आहे. त्याआधी ओल रोखणारा चांगल्यातला रंग लावून घ्यावा, असे माझे मत आहे. यजमानांचे म्हणणे असे, की गिलावाच काढून टाकू, चिरा उघडा ठेवू आणि त्यावर पॉलिश मारू. मुलगी आठवीत आहे. थंडी पडली, आता दर रविवारी कुठेतरी चला, असा तिचा हट्ट आहे. सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे. मी शिक्षिका असल्यामुळे मला रविवारच मोकळा मिळतो. पैसेही बेताचेच आहेत. एका महिन्यात घर आणि भटकंती या दोन्ही गोष्टी कशा जमवाव्यात?
डिचोलीच्या एक वाचक

उत्तर :

ताई,

पेव्हरांचा उल्लेख तुम्ही ओघात केला आहे, पण माझ्या मते तुमच्या भिंतीचे दुखणे तिथेच आहे. म्हणून आधी स्पष्ट उत्तर देते आणि मग त्याची कारणे सांगते. पश्चिमेकडच्या त्या भिंतीला या महिन्यात कोणताही रंग लावू नये, पॉलिशही मारू नये. डिसेंबर हा त्या भिंतीचे ओले आवरण उतरवून तिला मोकळे ठेवण्याचा महिना आहे. ती सुकत असताना घरच्यांना करण्यासारखे काही उरत नाही, त्यामुळे मुलीच्या रविवारांना या कामाची अडचण होण्याचे कारणच नाही.

चिरा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो, परंतु कठीण झाला तरी त्याची छिद्रे बुजत नाहीत. पायाशी पाणी साचले की ते त्या छिद्रांतून वर चढते, साधारणपणे तीन-चार फुटांपर्यंत, आणि वाट सापडेल तिथून हवेत निघून जाते. आपल्याकडच्या जुन्या बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी जोते उंच घेतले, वळचण रुंद ठेवली, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडेल अशी व्यवस्था केली आणि भिंतीला चुन्याचा गिलावा दिला, कारण चुना पाण्याची वाफ अडवून धरत नाही. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना पावसाळ्यात विणलेल्या झावळ्यांचे आडोसे बांधण्याची पद्धतही त्याचसाठी होती, कारण आपला पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर त्याच बाजूंनी झोडपतो. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. अशा प्रदेशात भिंतीवर पाणी येणारच; ते परत बाहेर पडते की आत अडकते, हा खरा प्रश्न असतो.

तुमच्याकडे तीन वर्षांपूर्वी दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. पेव्हर बसवताना खाली भर घालावी लागते, त्यामुळे अंगणाची पातळी वर आली आणि जोत्याची उंची तेवढीच कमी झाली. पेव्हर थेट भिंतीला भिडवले असतील तर पागोळ्यांचे पाणी त्यांच्यावर आदळून भिंतीवर उडते आणि सांध्यांतून मुरलेले पाणी पायाशीच थांबते. त्याच वेळी बाहेरून सिमेंटचा गिलावा झाल्यामुळे ते पाणी बाहेरच्या बाजूने वाफ होऊन जाण्याची वाट बंद झाली. आता त्याला दिवाणखान्याचीच बाजू मोकळी आहे. पाणी आतल्या बाजूने उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. ते रंगाच्या मागे स्फटिक होऊन फुगतात आणि रंगाला पुढे ढकलतात. तुम्ही लिहिलेली पांढरी भुकटी म्हणजे हेच क्षार. यावर ओल रोखणारा रंग लावला तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. नाताळात भिंत सुंदर दिसेल, पुढच्या ऑगस्टमध्ये रंगाला फोड येतील, किंवा पाणी रंगाच्या कडेपर्यंत चढून आजवर कोरड्या राहिलेल्या भागात उगवेल. डब्यावर लिहिलेली हमी खोटी असते असे माझे म्हणणे नाही. ती कोरड्या भिंतीसाठी असते आणि ही अट फारच बारीक अक्षरांत छापलेली असते.

माझे निदान मान्य करण्याआधी तुम्ही स्वतः एक परीक्षा करून पाहावी. जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा हात-दीड हात लांबी-रुंदीचा तुकडा त्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. सुटणारे पापुद्रे आधी खरवडून घ्या, म्हणजे पट्टी नीट धरेल. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दमटपणा आला तर तो हवेतला आहे. ऑगस्टमध्ये ही परीक्षा फसते, कारण तेव्हा सगळेच ओले असते. डिसेंबरमध्ये वारा पूर्वेकडून येतो, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते आणि उत्तर स्वच्छ मिळते. भिंतीमागून न्हाणीघराची किंवा नळाची वाहिनी जात असेल, तर सगळे नळ बंद करून मीटर फिरतो का, तेही पाहून घ्या. गळती पाइपातच असेल तर पुढचा सगळा खटाटोप वाचेल.

परीक्षेत माझे म्हणणे खरे ठरले, तर पहिले काम घराबाहेरचे आहे. पश्चिमेच्या भिंतीलगतचे दोन फूट रुंदीच्या पट्ट्यातले पेव्हर उचलून घ्या. तेथील भर काढून बाहेरची जमीन घरातल्या जमिनीपेक्षा किमान सहा ते आठ इंच खाली न्या, तळाला भिंतीपासून दूर जाणारा उतार द्या आणि त्या चरात खडी भरा. चराचे तोंड पाणी खरोखरच वाहून जाईल अशा जागी उघडले पाहिजे; नाहीतर आपण भिंतीशेजारी तळे बांधलेले असेल. खणताना पायाच्या खाली जाऊ नये, हे गवंड्याला दोनदा बजावा. काढलेले पेव्हर फेकू नका, फाटकाकडच्या वाटेला उपयोगी पडतील. पाणी रस्त्याच्या गटारात सोडायचे असेल तर आधी पालिकेत विचारून घ्या. शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे सोडण्याचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडून द्या.

त्यानंतर भिंतीचा बाहेरचा सिमेंटचा गिलावा खालून तीनेक फुटांपर्यंत आणि आतला गिलावा ओलीच्या खुणेच्या एक फूट वरपर्यंत काढून घ्या. उघड्या पडलेल्या चिऱ्यावरचे क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे आणि भुकटी गोळा करून घराबाहेर टाकायची. पाण्याने धुतले तर तेच क्षार विरघळून पुन्हा दगडात जातात, म्हणून पाण्याचा थेंबही नको. पुढे दर आठवड्याला एकदा झाडत राहायचे, बस. खिडक्या उघड्या ठेवा आणि त्या भिंतीला सोफा टेकवू नका.

भिंत किती दिवसांत सुकेल, हे तुम्ही विचारणार. जाड भिंतीबाबत ठोकताळा असा, की इंचभर जाडीला एक महिना लागतो. चिऱ्याची जुनी भिंत फूट-दीड फूट जाड असते. म्हणजे ती आतपर्यंत कोरडी होण्याची वाट पाहायची तर पुढचा पावसाळा येईल. सुदैवाने तितके थांबण्याची गरज नसते. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी हे तीन महिने दोन्ही बाजूंनी वारा मिळाला तर पृष्ठभाग गिलावा धरण्याइतका सुकतो आणि गिलावा चुन्याचा असेल तर उरलेली ओल त्यातूनही बाहेर पडत राहते. म्हणून मार्चमध्ये तीच प्लॅस्टिकची परीक्षा पुन्हा घ्या आणि मगच गवंड्याला बोलवा. एकट्या डिसेंबरात हे काम उरकून देतो असे सांगणारा कंत्राटदार भेटला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

चुन्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याविषयी आता घरोघरी विस्मरण झाले आहे. पूर्वी आपल्याकडे शिंपल्या भाजून चुना करीत. आता पिशवीतला मिळतो, पण तोही आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ठेवलेला बरा. एक भाग चुन्याला तीन भाग रेती, असा साधा हिशेब असतो. रेती कुठली आहे हे विचारून घ्या, कारण खाडीच्या खाऱ्या पाण्यातली न धुतलेली रेती वापरली तर जे क्षार आपण तीन महिने झाडून काढले तेच विकत घेऊन भिंतीत घालू. चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू घट्ट होतो. त्यामुळे एकच जाड थर न देता पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर पक्का व्हायला वेळ द्यावा आणि त्या काळात कडक ऊन व कोरडा वारा लागू नये म्हणून ओले गोणपाट समोर टांगावे. भिंत सुकवताना मित्र असलेला वारा इथे वैरी ठरतो. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळालाच नाही, तर एक भाग सिमेंट, दोन भाग चुना आणि नऊ भाग रेती असे मिश्रण करायला सांगा. निव्वळ सिमेंटच्या गिलाव्यापेक्षा ते पुष्कळ मोकळे राहते. वर चुन्याचाच हात द्यावा. त्यात हवी ती फिकी छटा मिसळता येते.

आता तुमच्या यजमानांच्या इच्छेकडे वळते. उघड्या चिऱ्याची आवड सध्या गोव्यात फार बोकाळली आहे आणि हॉटेलांची छायाचित्रे पाहून ती घरांतही शिरली आहे. मी तिला नावे ठेवणार नाही. आतल्या, पावसाचा संबंध नसलेल्या भिंतीवर तो दगड सुंदरच दिसतो. पण पश्चिमेच्या भिंतीचा चिरा कायमचा उघडा टाकणे आणि त्यावर पॉलिशचा थर चढवणे म्हणजे रंगाचीच चूक अधिक खर्चात करणे होय. पॉलिशही वाफ अडवते आणि काही महिन्यांत पांढरट होऊन सुटते. त्यांची हौस भागवायची असेल तर दिवाणखाना आणि माजघर यांच्या मधली भिंत निवडा. तिचा गिलावा काढून चिऱ्यांचे सांधे चुन्याने भरून घ्या आणि दगडाला काहीही न फासता तसाच ठेवा.

हे माझ्या सांगण्यावरून त्यांना पटेल असे नाही. म्हणून पहिल्या मोठ्या रविवारी त्यांना जुन्या गोव्याला न्यावे. बॉम जेझू बासिलिका आज तांबडी, उघड्या चिऱ्याची दिसते आणि ती मुळातच तशी असावी असा बहुतेकांचा समज असतो. 1605 मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू शतकानुशतके गिलाव्याच्या आवरणात होती. 1950 च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, तिला प्राचीन रूप द्यावे या हौसेने बाहेरचा गिलावा उतरवण्यात आला. तेव्हापासून दर पावसाळ्यात तिचा दगड झिजतो आहे आणि गिलावा पुन्हा चढवावा की लोकांच्या सवयीचे तांबडे रूपच राखावे, यावर वाद चालू आहे. तिच्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, से कॅथेड्रल पांढऱ्या आवरणात उभे आहे. चिरा तोच, पाऊसही तोच. दोन्ही भिंतींच्या जवळ जाऊन पाहिले की घरातला अर्धा वाद मिटेल, आणि तोही तिसऱ्या कुणाच्या मध्यस्थीशिवाय.

जुन्या गोव्याला जाताना सरळ महामार्गाने जाऊ नका. डिचोलीहून मयेमार्गे नार्वेला उतरा. तेथील सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये पुन्हा उभे केले. त्याचे मूळ स्थान नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. ते पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केल्यावर देव अलीकडे आला. 2023 च्या फेब्रुवारीत जीर्णोद्धार होऊन हे देऊळ पुन्हा खुले झाले आहे. दर्शन घेऊन फेरीबोटीने दिवाडीला जा, पिएदादच्या टेकडीवरून मांडवीचे पात्र आणि खालची खाजने पाहा, आणि दुसऱ्या फेरीबोटीने जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरा. देवाचा प्रवास आठवीच्या मुलीला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा या वाटेने अधिक चांगला समजेल. तीन डिसेंबरला गोंयच्या सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त असते. त्या दिवशी आणि त्याच्या आगेमागे तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तो आठवडा टाळून पुढचा रविवार धरावा. चर्चमध्ये सकाळी प्रार्थना चालू असतात; त्या वेळी बाहेरच थांबावे.

ज्या रविवारी घरी पसारा जास्त असेल आणि दिवसभर बाहेर राहणे जमणार नसेल, त्या दिवशी साखळीजवळच्या हरवळ्याला जाऊन या. अर्ध्या दिवसात परत येता येते. तेथील लेणी चिऱ्यातच खोदलेली आहेत आणि ती सहाव्या-सातव्या शतकातील मानली जातात. इतकी शतके त्या मऊ दगडातली लिंगे आणि खांब टिकले, कारण डोक्यावर त्याच दगडाचे छत आहे आणि पावसाचा मारा थेट आत येत नाही. शेजारी रुद्रेश्वराचे देऊळ आणि धबधबा आहे. पावसाळ्यातला रोंरावणारा धबधबा डिसेंबरात शांत झालेला असतो, त्यामुळे सासऱ्यांनाही सोबत घेता येईल. मात्र खालच्या पायऱ्या त्यांना उतरायला लावू नका.

मुलीला पक्ष्यांची आवड असेल तर चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहेच. थंडीत स्थलांतर करून आलेले पक्षी तिथल्या कांदळवनात दिसतात. पहाटे निघावे आणि भरती-ओहोटीची वेळ आधी पाहावी, कारण ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हाच पक्षी खायला उतरतात. दुर्बीण नसेल तर शाळेतून मागून आणा; तुम्ही शिक्षिका असल्याचा एवढा लाभ घ्यायला हरकत नाही.

कामगारांचे आणि रविवारचे गणितही सांगून ठेवते. गिलावा काढणे, चर खणणे, खडी भरणे हे सगळे डिचोलीतल्या नव्या सोमवारच्या उत्सवाची गर्दी ओसरताच सुरू करून डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपवा. वीस तारखेनंतर नाताळासाठी सुट्टीवर जाणारे गवंडी आणि सुतार नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्याशिवाय परतत नाहीत आणि त्यात काही गैरही नाही. चवथीला आपणही कुणाचे काम करीत नाही. रविवारी काम बंदच असते, म्हणून बाहेर पडताना घर उघडे टाकून आल्याची रुखरुख राहणार नाही. रोजची मजुरी रोज किंवा आठवड्याला द्या, पण ठरलेल्या एकूण रकमेतला शेवटचा मोठा हिस्सा चरातून पाणी नीट वाहते हे बादल्या ओतून पाहिल्यावरच द्या.

सासऱ्यांची काळजी मात्र या सगळ्याच्या आधी घ्यायला हवी. गिलावा फोडताना उडणारी धूळ आणि भिंतीवरची बुरशी, दोन्ही दम्याच्या रुग्णाला त्रासदायक असतात. तोडफोडीचे दोन-तीन दिवस त्यांना नातेवाइकांकडे पाठवता आले तर उत्तम. ते शक्य नसेल तर घराच्या पूर्वेकडची खोली त्यांना द्या, तिच्या दाराला ओली चादर लावा आणि केर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून काढा. त्यांची औषधे आणि श्वासाचा पंप पसाऱ्यात हरवणार नाही अशा जागी ठेवा, आणि धूळ सुरू होण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. दुसरी सूचना दारे-खिडक्यांविषयी आहे. घरगुती रंगांतील शिशावर नव्वद पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद भाग) मर्यादा आपल्या देशात 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगाच्या थरांत शिसे असू शकते, म्हणून जुन्या खिडक्या कोरड्या कागदाने घासू देऊ नका. पाणी लावून घासणारा कागद वापरावा आणि निघालेला गाळ कागदात गुंडाळून टाकावा. खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने शिल्लक असतील तर त्यांना हात लावू न देणेच चांगले. ती फुटली तर तशी पुन्हा मिळवणे फार कठीण आहे.

कौलांचे काम डिसेंबरात करू नका, फक्त पाहणी करा. भर दुपारी माळ्यावर जाऊन दिवे बंद करा. जिथून उन्हाचा कवडसा आत येतो तिथे खडूने खूण करा. फुटके कौल, सरकलेले कौल आणि वाळवीने पोखरलेला वासा यांची यादी करून ठेवा. शाकारणी एप्रिल-मेमध्येच करायची रीत योग्य आहे, कारण आता बदललेले कौल पावसाळ्याआधी माकडे आणि नारळ पुन्हा फोडू शकतात. वासे बदलायचे असतील तर सुताराला मात्र जानेवारीतच सांगून ठेवा. नवी कौले घेताना जुने एक सोबत न्या. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये काढला, पण पुढे अनेक कारखान्यांचे साचे निघाले आणि त्यांच्या खाचा एकमेकांत बसतातच असे नाही.

राहता राहिले पाहुणे. नणंदबाईंच्या समोर दिवाणखान्याची एक भिंत उघडीनागडी दिसणार, याचा तुम्हांला संकोच वाटतो हे तुमच्या पत्रावरून जाणवते. तो संकोच बाजूला ठेवा. त्या ह्याच घरात वाढल्या आहेत. घराचे औषधपाणी चालले आहे हे त्यांना सांगितले तर त्या रागावणार नाहीत. बाकीच्या कोरड्या खोल्यांना हवा तर एक हलका हात देऊन घ्या, वसरी स्वच्छ करा, तुळशीवृंदावनाला चुना लावा. उघड्या भिंतीसमोर पडदा लावण्याचा मोह झाला तर तो भिंतीपासून वीतभर अंतरावर टांगा, म्हणजे वारा खेळता राहील. पाहुण्यांना झोपण्यासाठी मात्र ती खोली देऊ नका.

पुण्याहून ते गाडीने येत असतील तर बहुधा आंबोली घाटाने सावंतवाडीला उतरतील. मग त्यांना डिचोलीला यायची वाट पाहायला लावण्याऐवजी तुम्हीच आदल्या दिवशी आंबोलीला जाऊन त्यांना भेटा आणि एक रात्र तिथे राहा. शाळेला नाताळची सुट्टी लागलेली असेल. आंबोलीची उंची सुमारे सातशे मीटर आहे. आपल्याकडे स्वेटर कपाटातच राहतात, तिथे ते अंगावर येतील. हिरण्यकेशीचा उगम पाहा, परतताना सावंतवाडीत लाकडी खेळण्यांच्या दुकानात थांबा. त्या आठवड्यात निवासाचे दर चढतात, म्हणून महाराष्ट्र पर्यटन महामंडळाच्या निवासस्थानाची चौकशी आजच करा. सासऱ्यांना मात्र पहाटेच्या गारव्यात आणि धुक्यात नेऊ नका. त्या रात्री यजमान किंवा तुम्ही, कुणीतरी एकाने घरी थांबावे.

पाहुण्यांना समुद्र हवा असणार. चोवीस डिसेंबरपासून दोन जानेवारीपर्यंत कळंगुट-बागा भागात दुपारनंतर गाडी घालणे म्हणजे सुट्टी रस्त्यावर काढणे आहे. सकाळी सहाला निघा, पेडण्याच्या केरीच्या किनाऱ्यावर दोन तास घालवा आणि गर्दी निघण्याच्या वेळी घरी परत या. दूधसागरचा हट्टही त्या आठवड्यात पुरवू नये. कुळ्याला जीपच्या रांगेत दिवस जातो आणि पाणी पावसाळ्याच्या मानाने पुष्कळच ओसरलेले असते. त्याऐवजी त्यांना वाळपयमार्गे तांबडी सुर्लाला न्या. कदंबकाळातले ते महादेवाचे देऊळ अनमोड घाटाच्या पायथ्याशी, रानात, रगाडो नदीकाठी आहे. आजूबाजूला सगळीकडे चिरा असताना ते काळ्या बेसॉल्टचे आहे. तो दगड घाटावरून खाली आणला असावा असे मानतात. जवळपास खाण्याची सोय तुटपुंजी असल्यामुळे डबा घरूनच न्यावा. उसगाळीमळची कुशावतीकाठची कातळशिल्पे मुलीला जरूर दाखवा, पण जानेवारीत. तुमच्याकडून ती गोव्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत आणि पाहुण्यांच्या गर्दीत त्या चिऱ्याच्या कातळावरच्या बैलांकडे आणि चक्रव्यूहाकडे नीट पाहणे होणार नाही.

पैशांचा क्रम शेवटी लिहिते, कारण निर्णय त्यावरच थांबलेले असतात. डिसेंबरात फक्त चर, गिलावा काढणे आणि आंबोलीची एक रात्र, एवढाच खर्च धरा. मार्चसाठी चुना, रेती आणि गवंड्याची मजुरी राखून ठेवा. एप्रिलसाठी कौले आणि वासे. बाकी बाहेरच्या भिंतींलगतचे पेव्हर उचलायचे की नाहीत, हे पुढच्या पावसाळ्यात पश्चिमेची भिंत कशी वागते ते पाहून ठरवा. रंगासाठी म्हणून बाजूला काढलेली रक्कम यजमानांच्या मधल्या भिंतीला वापरता येईल. ते काम धुळीचे असल्यामुळे पाहुणे गेल्यावर, सासरे बाहेरगावी असतील अशा दोन दिवसांत उरकून घ्या.